दोन फेऱ्यांचा हिशेब

(मोटार मेकॅनिक ट्रेडच्या एका दिवंगत शिक्षकांच्या स्मरणार्थ चालणाऱ्या व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गातला पहिला प्रश्न ठरलेला असे. क्रँकशाफ्ट एक फेरी फिरला. कॅमशाफ्ट किती फिरला आणि डिस्ट्रिब्युटर किती फिरला? उत्तर बहुतेकांना येई: दोघेही अर्धी फेरी. सर मान डोलावत आणि लगेच पुढचा प्रश्न टाकत: अर्धीच का? पाऊण का नाही, पुरी एक का नाही? इथे वर्ग गप्प होई. आज मी त्या दुसऱ्या प्रश्नाचा पाठपुरावा करणार आहे, कारण गॅरेजमधल्या कितीतरी ठोकताळ्यांचं मूळ त्याच्या उत्तरात आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. या तीन शाफ्टांच्या नात्यात दोन गोष्टी असतात. पहिली, वेगाचं प्रमाण. ते चक्राने ठरवून टाकलेलं आहे, कुणालाही बदलता येत नाही. दुसरी, त्यांचा आपसातला मेळ, म्हणजे एक शाफ्ट अमुक जागी असताना दुसरा नेमका कुठे असावा. तो मेळ माणसाने जुळवायचा असतो आणि मेकॅनिकचं कसब तिथेच लागतं. या दोन गोष्टींची गल्लत झाली की इंजिन चालू होत नाही. किंवा त्याहून वाईट म्हणजे चालू होतं, पण ओढत नाही.

आधी प्रमाण. फोर-स्ट्रोक पेट्रोल इंजिनात पिस्टन एका चक्रात चार कामं करतो. खाली जाताना हवा आणि पेट्रोलचं मिश्रण आत ओढतो. वर येताना ते दाबतो. ठिणगी पडली की जळत्या वायूच्या जोराने खाली ढकलला जातो. पुन्हा वर येताना जळका धूर बाहेर लोटतो. सक्शन, कॉम्प्रेशन, पॉवर, एक्झॉस्ट. प्रत्येक स्ट्रोकला क्रँक १८० अंश फिरतो, म्हणून पुरं चक्र ७२० अंशांचं, क्रँकच्या दोन फेऱ्यांचं. या दोन फेऱ्यांत एका सिलिंडरला ठिणगी एकदाच हवी, सक्शनचा व्हॉल्व्ह एकदाच उघडायला हवा, एक्झॉस्टचाही एकदाच.

अडचण इथे सुरू होते. या चक्रात पिस्टन वरच्या टोकाला, म्हणजे टॉप डेड सेंटरला, दोनदा येतो. एकदा कॉम्प्रेशन संपताना, एकदा एक्झॉस्ट संपताना. पहिल्या वेळी दोन्ही व्हॉल्व्ह घट्ट बंद असतात आणि ठिणगी पडण्याची घटका आलेली असते. दुसऱ्या वेळी धूर बाहेर जाऊन नवं मिश्रण आत यायला लागलेलं असतं आणि ठिणगीचं तिथे काही काम नसतं. क्रँककडे पाहिलं तर दोन्ही वेळा चित्र तंतोतंत एकच: पुलीवरची खूण जागेवर, फ्लायव्हीलवरची खूण जागेवर. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजलेले दिसतात, पण दुपारचे की रात्रीचे हे त्या काट्यांना सांगता येत नाही. त्यासाठी चोवीस तासांत एकच फेरी मारणारा काटा लागतो. कॅमशाफ्ट हा इंजिनातला तसा काटा आहे. पिस्टन कुठे आहे हे क्रँक सांगतो, तो कोणत्या कामावर आहे हे कॅम सांगतो. दोन फेऱ्यांच्या चक्राची नोंद ठेवायची तर दोन फेऱ्यांत एकदाच फिरणारा शाफ्ट हवा. म्हणून अर्धा वेग, आणि म्हणून पाऊण वेग कधीच चालणार नाही.

हा विचार आधी कागदावर आला, मग लोखंडात. आल्फोन्स बो द रोशा या फ्रेंच अभियंत्याने १८६२ मध्ये चार स्ट्रोकांचं चक्र लिहून मांडलं. १८७६ मध्ये निकोलाउस ऑटोने जर्मनीत कोलोनजवळ डॉइट्झ इथे तसं चालणारं इंजिन उभं केलं. त्या इंजिनाच्या कडेने एक लांब शाफ्ट जातो. क्रँककडून बेव्हल गिअरने तो अर्ध्या वेगाने फिरतो. मिश्रण आत घेणारी सरकती झडप तोच हलवतो, मिश्रण पेटवणारी ज्योत त्या झडपेतूनच आत पोचते, आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्हही तोच उचलतो. ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर अजून जन्मालाही आला नव्हता. तरी ‘आता पेटव’ हा हुकूम अर्ध्या वेगाच्या शाफ्टकडूनच सुटत होता. पुढे मोटारींच्या पहिल्या पिढीतल्या बऱ्याच इंजिनांत सक्शनचा व्हॉल्व्ह पिस्टनच्या ओढीने आपोआप उघडत असे, त्याला कॅमची गरज नव्हती. एक्झॉस्टच्या व्हॉल्व्हला मात्र तेव्हाही कॅम लागायचाच, आणि तो अर्ध्याच वेगाचा.

प्रमाण चक्रातून येतं, याचा पुरावा आपल्या पुण्यातच आहे. १९७२ मध्ये आकुर्डीहून निघालेली बजाज चेतक आठवा. टू-स्ट्रोक इंजिन. त्यात कॅमशाफ्ट नाही, व्हॉल्व्ह नाहीत, डिस्ट्रिब्युटर नाही. पोर्ट उघडण्या-झाकण्याचं काम पिस्टन आणि क्रँक आपसात उरकतात. ठिणगीचे पॉइंट फ्लायव्हील मॅग्नेटोच्या आत, थेट क्रँकच्या टोकावर बसवलेले. क्रँकच्या दर फेरीला एक ठिणगी. असं का चालतं? कारण टू-स्ट्रोकचं चक्र एका फेरीतच पुरं होतं. पिस्टन वर आला म्हणजे ठिणगीचीच वेळ. दुसरा अर्थ निघूच शकत नाही. संदिग्धता नाही, म्हणून तिचा निवाडा करणारा शाफ्टही नाही. ज्यांनी चेतकचे पॉइंट घासून साफ केले आणि नंतर मोटारीच्या कामाला हात घातला, त्यांनी या दोन इंजिनांमधला फरक हाताने अनुभवला आहे. तो असा शब्दांत मांडता आला पाहिजे, एवढंच माझं म्हणणं.

आता हा अर्धा वेग साधतात कसा? दातांच्या हिशेबाने. क्रँकवरच्या स्प्रॉकेटला जितके दात, त्याच्या दुप्पट कॅमवरच्या स्प्रॉकेटला. इकडे २० तर तिकडे ४०. मध्ये चेन असो, दातेरी पट्टा असो की थेट गिअरला गिअर भिडलेला असो, दुप्पट दात म्हणजे निम्मा वेग. फिरण्याची दिशा हा वेगळा प्रश्न. चेन किंवा पट्टा असेल तर कॅम क्रँकच्याच दिशेने फिरतो. दोन गिअर थेट भिडले असतील तर उलट दिशेने. पुढे कॅमशाफ्टवरच्या तिरप्या दातांच्या गिअरवरून डिस्ट्रिब्युटरचा उभा शाफ्ट फिरतो. तिथे दोन्हीकडचे दात सारखे, म्हणून कॅमची एक फेरी म्हणजे डिस्ट्रिब्युटरची एक फेरी. त्याचा रोटर घड्याळाच्या दिशेने फिरणार की उलट, हे दातांच्या तिरपेपणावर आणि शाफ्ट कुठल्या बाजूने बसवलाय यावर अवलंबून. वेग सगळीकडे ठरलेला, दिशा मात्र इंजिनागणिक वेगळी. म्हणून अनोळखी इंजिन समोर आलं की शहाणा मेकॅनिक कॅप काढतो, हँडल मारून क्रँक हलवतो आणि रोटर कुठे वळतो ते आधी डोळ्यांनी पाहतो.

डिस्ट्रिब्युटरकडे दोन कामं असतात: ठिणगी कधी पाडायची आणि कुणाला द्यायची. १९१०च्या सुमारास अमेरिकेतल्या डेटन शहरात चार्ल्स केटरिंगने बॅटरी, कॉइल आणि पॉइंट यांची जी इग्निशन व्यवस्था कॅडिलॅक मोटारींसाठी बसवली, तिच्यात ही दोन्ही कामं एका शाफ्टवर होती. पुढची सहा-सात दशकं जगभरच्या पेट्रोल मोटारी त्याच तत्त्वावर धावल्या. शाफ्टवर चार पैलूंचा छोटा कॅम असतो. पैलू पॉइंटला उचलतो, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि त्या क्षणी कॉइलच्या दुसऱ्या गुंडाळीत हजारो व्होल्टचा दाब तयार होतो. हे झालं ‘कधी’. त्याच शाफ्टच्या माथ्यावर रोटर असतो. त्या क्षणी तो कॅपमधल्या ज्या टोकासमोर असेल त्या प्लगला करंट जातो. हे झालं ‘कुणाला’.

आकडे घालून पाहू. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून निघालेली फियाट ११००, जी पुढे प्रीमियर पद्मिनी झाली, तिचं इंजिन या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी उघडलेलं असेल. १०८९ सीसी, चार सिलिंडर, फायरिंग ऑर्डर १-३-४-२. क्रँकच्या ७२० अंशांत चार ठिणग्या, म्हणजे दर १८० अंशांना एक. डिस्ट्रिब्युटर निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून त्याच्या कॅपमधली टोकं ९० अंशांवर. क्रँक मिनिटाला ३,००० फेऱ्यांनी फिरत असेल तर रोटर १,५०० फेऱ्यांनी फिरतो आणि दर फेरीला चार ठिणग्या टाकतो. मिनिटाला ६,००० ठिणग्या, सेकंदाला १००. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये दिवसभर उभ्या-चालत्या पद्मिनी टॅक्सीचे पॉइंट का जळत आणि का झिजत, याचं उत्तर या आकड्यात आहे. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० ला सिलिंडर तीन. तिथे क्रँकच्या दर २४० अंशांना ठिणगी आणि कॅपमधली टोकं १२० अंशांवर. सिलिंडर कितीही असोत, ७२० ला त्यांच्या संख्येने भागा, म्हणजे क्रँकचे अंश मिळतील. त्याचं निम्मं करा, म्हणजे डिस्ट्रिब्युटरचे.

१-३-४-२ या क्रमाकडे आणखी जरा पाहू. चार सिलिंडरच्या क्रँकवर १ आणि ४ नंबरचे पिस्टन एकत्र वर येतात, २ आणि ३ नंबरचे एकत्र. पहिला पॉवरवर खाली जात असतो तेव्हा चौथाही खाली जात असतो, पण सक्शनवर. क्रँकच्या नजरेत ते जुळे भाऊ. कॅमच्या नजरेत बरोबर समोरासमोर, १८० अंशांच्या अंतरावर. टॅपेट सेट करण्याचा नवाचा नियम यातूनच येतो. आठ व्हॉल्व्ह ओळीने मोजा. आठवा पूर्ण दाबलेला असेल तेव्हा पहिल्याचं टॅपेट सेट करा. सहावा दाबलेला असेल तेव्हा तिसऱ्याचं. बेरीज नेहमी नऊ. उस्ताद लोक हा नियम वर्षानुवर्षं शिकवत आले आणि तो बरोबरच आहे. कारण एवढंच, की व्हॉल्व्ह एक्झॉस्ट, सक्शन, सक्शन, एक्झॉस्ट आणि पुन्हा तसेच अशा आरशासारख्या रांगेत असतात. आठवा हा चौथ्या सिलिंडरचा एक्झॉस्ट, पहिला हा पहिल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट, आणि दोघांच्या कॅमच्या नाकांमध्ये १८० अंशांचं अंतर. एकाचं नाक टॅपेटवर, तर दुसऱ्याची टाच. टाच टॅपेटवर आली की फीलर गेज घालायची हीच वेळ. कारण कळलं की नियमाची हद्दही कळते. तीन सिलिंडरच्या इंजिनात अशी जुळी जोडीच नाही, तिथे नवाचा काय, कुठल्याच बेरजेचा नियम चालणार नाही.

इथवर प्रमाण झालं. आता मेळ, आणि त्यासाठी एक काम अगदी जवळून पाहू: चार सिलिंडरच्या जुन्या इंजिनाचं टायमिंग टेस्ट लॅम्पवर जुळवणं. पहिला प्लग काढायचा, भोकावर अंगठा दाबून धरायचा आणि दुसऱ्याला हँडल हळूहळू मारायला सांगायचं. अंगठा ढकलला जायला लागला की कॉम्प्रेशनचा स्ट्रोक आला. मग पुलीवरची खूण कंपनीने सांगितलेल्या अंशावर, टॉपच्या जरा आधी, आणून थांबायचं. कॅप उचलून पाहायचं: रोटर पहिल्या प्लगच्या टोकाकडे तोंड करून आहे का? असेल तर लॅम्पची एक वायर पॉइंटच्या टर्मिनलला, दुसरी बॉडीला. किल्ली ऑन. डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करून बॉडी आधी रोटरच्या दिशेने थोडी फिरवायची; पॉइंट मिटतात, दिवा विझतो. मग रोटरच्या उलट दिशेने अगदी सावकाश. दिवा लागला त्या क्षणी पॉइंट उघडले. हात तिथेच थांबवायचा आणि क्लॅम्प आवळायचा.

या सगळ्या कामात अंगठा काय करतो ते लक्षात घ्या. क्रँकला जे सांगता येत नाही ते तो विचारून घेतो: हा टॉप कोणता? अंगठ्याऐवजी नुसत्या खुणेवर भरवसा ठेवला तर निम्म्या वेळा ती एक्झॉस्टच्या टॉपला जुळलेली निघते. मग डिस्ट्रिब्युटर अर्धी फेरी उलटा बसतो, पहिल्या सिलिंडरची ठिणगी सक्शनचा व्हॉल्व्ह उघडायच्या वेळी पडते आणि कार्ब्युरेटरमधून भडका बाहेर येतो. गॅरेजमध्ये याला ‘१८० ने आउट’ म्हणतात. ते १८० डिस्ट्रिब्युटरचे. क्रँकवर मोजाल तर ३६०, आणि ३६० अंश फिरून क्रँक जिथल्या तिथे येतो, म्हणून पुलीवरच्या खुणेत ही चूक कधीच दिसत नाही.

विलीज जीपच्या इंजिनात यावर एक सुरेख तोड काढलेली आहे. १९४०च्या दशकाअखेरीपासून महिंद्रांनी मुंबईत जी जीप जोडायला घेतली, तिच्या इंजिनात कॅमशाफ्ट ऑइल पंपाचा शाफ्ट फिरवतो आणि डिस्ट्रिब्युटर त्या शाफ्टच्या खाचेत बसतो. खाच मध्यभागी कापलेली नाही, एका बाजूला सरकवून कापली आहे. त्यामुळे डिस्ट्रिब्युटर उलटा बसवायचा म्हटलं तरी बसत नाही. मात्र ऑइल पंप काढून परत घालताना त्याचा गिअर कॅमच्या भलत्या दातात अडकला तर ही सगळी हुशारी वाया जाते. यंत्रात मेळ पक्का करायची सोय करता येते. तो पहिल्यांदा जुळवणारा माणूस टळत नाही.

अंशांचा दुप्पट-निम्मा हिशेब तर रोजच्या कामात डोकं शाबूत ठेवायला लावतो. डिस्ट्रिब्युटरची बॉडी ५ अंश फिरवली की क्रँकवरचं टायमिंग १० अंशांनी हलतं. डिस्ट्रिब्युटरच्या तक्त्यात ‘१,००० फेऱ्यांना ८ अंश’ असं लिहिलेलं असेल आणि ते आकडे डिस्ट्रिब्युटरचे असतील, तर क्रँकवर ते २,००० फेऱ्यांना १६ अंश. अंश आणि फेऱ्या दोन्ही दुप्पट. कोणताही आकडा वाचताना पहिला प्रश्न हाच: हा कोणत्या शाफ्टचा?

सगळ्यात फसवा बिघाड चेनचा. चेन सैल होऊन क्रँकच्या २० दातांच्या स्प्रॉकेटवर एका दाताने उडी मारली, तर क्रँकवर १८ अंशांची चूक होते. कॅम मागे पडतो, आणि डिस्ट्रिब्युटर कॅमकडूनच फिरत असल्यामुळे तोही तितकाच मागे पडतो. गाडी येते, मेकॅनिक टायमिंग तपासतो, ठिणगी उशिरा पडताना दिसते, तो बॉडी फिरवून ती जागेवर आणतो. लॅम्प सांगतो, सगळं ठीक. पण त्याने ठिणगीपुरताच मेळ दुरुस्त केला. व्हॉल्व्ह अजून १८ अंशांनी उशिराच उघडताहेत आणि उशिराच मिटताहेत. गाडी चालू होते, घाटात मात्र दम तोडते. ओढत नाही म्हणून ज्या गाडीचा कार्ब्युरेटर चार-चारदा उघडला जातो, तिची चेन एकदा तरी पाहावी ती यासाठी. ठिणगीचा मेळ आणि व्हॉल्व्हचा मेळ हे दोन वेगळे मेळ आहेत आणि डिस्ट्रिब्युटर फिरवून फक्त पहिलाच हाती लागतो.

मेळ बदलता का ठेवावा लागतो, याचं कारण ज्वालेत आहे. ठिणगी पडल्यावर मिश्रण पुरतं पेटायला वेळ लागतो, काही मिलिसेकंद. पिस्टनला सगळ्यात जोराचा धक्का टॉप ओलांडल्यावर लगेच बसायला हवा, म्हणून ठिणगी टॉपच्या आधीच पाडतात. पण किती आधी? मिनिटाला ७५० फेऱ्यांच्या आयडलिंगला क्रँक एका मिलिसेकंदात साडेचार अंश फिरतो, ३,००० फेऱ्यांना १८ अंश. ज्वालेला लागणारा वेळ त्या प्रमाणात कमी होत नाही, म्हणून वेग वाढेल तशी ठिणगी आणखी आधी हवी. डिस्ट्रिब्युटरच्या पोटात, पॉइंटच्या खाली, दोन वजनं आणि दोन स्प्रिंगा असतात. वेग वाढला की वजनं बाहेर फेकली जातात आणि वरचा छोटा कॅम खालच्या शाफ्टच्या काही अंश पुढे सरकतो. बाजूचा व्हॅक्यूमचा डबा इंजिनावरचा भार पाहून पॉइंटची प्लेट मागे-पुढे करतो. रोटर निम्म्याच वेगाने फिरत राहतो, प्रमाणाला धक्का लागत नाही. मेळ मात्र गाडी चालता चालता सतत बदलत राहतो. एका वाटीएवढ्या जागेत, एकही इलेक्ट्रॉनिक भाग नसताना, हे काम वर्षानुवर्षं बिनबोभाट चालत आलं. वजनांच्या पिना गंजून अडकल्या तर गाडी आयडलिंगला उत्तम आणि पळताना मंद, हे लक्षण त्यातूनच येतं. पुढे हीच कल्पना व्हॉल्व्हच्या कॅमशाफ्टला लावली गेली. १९८० मध्ये आल्फा रोमिओने चालत्या गाडीत कॅमचा मेळ बदलणारी व्यवस्था बाजारात आणली, आणि आज मध्यम किमतीच्या मोटारींतही ती दिसते.

डिझेलवाल्या मित्रांना वाटत असेल की हा सगळा पेट्रोलचा मामला आहे. तसं नाही. शांतनुराव किर्लोस्करांनी १९४६ मध्ये पुण्यात खडकीला किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात केली आणि त्यांची इंजिनं महाराष्ट्रभर विहिरींवर पोचली. त्यांत ठिणगी नाही, प्लग नाही. तरी एका सिलिंडरच्या त्या इंजिनाचं साइडचं कव्हर उघडलं की कॅमशाफ्टवर दोन व्हॉल्व्हांच्या दोन कॅमसोबत तिसरा कॅम दिसतो. तो फ्युएल पंपाला ढकलतो. डिझेल आत फवारण्याची वेळही दोन फेऱ्यांत एकदाच येते, म्हणून तो हुकूमही अर्ध्या वेगाच्या शाफ्टकडे. पेटवायची पद्धत बदलली, दोन फेऱ्यांचा हिशेब बदलला नाही.

आता डिस्ट्रिब्युटर गेला. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निघून गेली. नव्या गाडीत कॅप, रोटर, पॉइंट, कंडेन्सर यांतलं काही नाही. मग हे का शिकायचं? कारण यंत्राचा जुना प्रश्न जागेवरच आहे, फक्त उत्तर देणारा बदलला. १०० सीसीच्या अनेक फोर-स्ट्रोक मोटारसायकलींत ठिणगीचा इशारा क्रँकवरून घेतात आणि दर फेरीला ठिणगी पाडतात. एक कामाची, दुसरी एक्झॉस्टच्या टॉपला वाया जाणारी. वाया जाणारी ठिणगी निरुपद्रवी असते, म्हणून ‘कोणता टॉप’ हा प्रश्नच सोडून दिला. चार सिलिंडरच्या मोटारींत एक कॉइल १ आणि ४ ला एकदम ठिणगी देते ती याच हिशेबाने. पण पेट्रोल दर सिलिंडरला नेमक्या सक्शनच्या वेळी फवारायचं म्हटलं की प्रश्न टाळता येत नाही. म्हणून क्रँकवर दातेरी चक्र आणि सेन्सर आला. बऱ्याच इंजिनांत त्या चक्रावर ६० दातांची जागा आखून दोन दात मुद्दाम गाळलेले असतात; गाळलेली जागा सेन्सरसमोरून गेली की संगणकाला क्रँकची जागा कळते. आणि ती फेरी पहिली की दुसरी, हे कळायला कॅमशाफ्टवर वेगळा सेन्सर बसवावा लागला.

स्कॅनर लावल्यावर पी००१६ हा कोड तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. क्रँक आणि कॅम यांचा मेळ चुकला, एवढाच त्याचा अर्थ. पुष्कळदा हा कोड दिसला की आधी सेन्सर बदलला जातो, मग वायरिंग तपासलं जातं आणि चेन सगळ्यात शेवटी उघडली जाते. सेन्सर खोटं बोलत असेल असं आपण आधी धरतो. ज्याने चेनची एका दाताची उडी समजून घेतली आहे, तो निदान हा प्रश्न तरी विचारेल की सेन्सर खरंच सांगत असेल तर? चेन लांबली असेल तर? पडद्यावरचा आकडा वाचायला यंत्र पुरतं. त्याचा अर्थ लावायला दोन फेऱ्यांचा हिशेब डोक्यात असावा लागतो.

विजेच्या गाड्यांतही हा विचार कामाला येईल. चेतक हेच नाव घेऊन २०२० पासून बजाजची विजेवरची स्कूटर धावते आहे. अशा गाड्यांच्या मोटारीत रोटरवर चुंबकांच्या अनेक जोड्या असतात. चार जोड्या असल्या तर रोटरच्या एका फेरीत विजेचं चक्र चारदा पुरं होतं. तिथे यांत्रिक अंश वेगळे, विद्युत अंश वेगळे, आणि रोटर नेमका कुठे आहे हे कंट्रोलरला सतत कळवणारा सेन्सर बहुतेक वेळा लागतो. चक्र किती फेऱ्यांचं, मोजणारा कोणत्या वेगाने फिरतो, दोघांचा मेळ कोण जुळवतो: हे तीन प्रश्न ज्याला विचारता येतात, त्याला उद्याचं यंत्र परकं वाटणार नाही.

म्हणून आयटीआयच्या आणि तंत्रनिकेतनांच्या शिक्षकांकडे माझं तीन गोष्टींचं मागणं आहे. प्रत्येक वर्गात हाताने फिरवता येईल असं एक कापलेलं इंजिन ठेवा आणि त्याच्या क्रँकवर व कॅमवर अंशांच्या चकत्या लावा. ७२० आणि ३६० हे आकडे मुलांना डोळ्यांनी दिसू द्या. दुसरं, परीक्षेत ‘प्रमाण किती’ एवढंच विचारून थांबू नका. ‘का’ याला निम्मे गुण ठेवा. तिसरं, स्कॅनर हातात देण्याआधी प्रत्येक मुलाला एकदा तरी लॅम्पवर टायमिंग जुळवू द्या. डिस्ट्रिब्युटर बाजारातून गेला असला तरी शिकवायला त्याच्यासारखं साधन नाही, कारण ‘कधी’ आणि ‘कुणाला’ हे दोन्ही निर्णय त्यात उघड्यावर घडतात. कॅप उचलली की दिसतात.

आणि गॅरेजमधल्या मित्रांना एवढंच सांगायचं आहे की तुमच्या हातातलं ज्ञान पुस्तकातल्या ज्ञानाहून कमी प्रतीचं नाही. नवाचा नियम, भोकावरचा अंगठा, लॅम्पचा दिवा या सगळ्यांमागे पक्कं गणित आहे. तुमच्याकडे शिकायला येणाऱ्या पोराला नियम सांगाल तेव्हा त्याचं कारणही सांगा, म्हणजे नियम जिथे लागू होत नाही तिथे तो अडून राहणार नाही. प्रमाण चक्राने ठरवलं, ते ठरलेलंच राहील. मेळ मात्र प्रत्येक पिढीला आपल्या हाताने नव्याने जुळवावा लागतो. जुळवणारा हात आणि कारण जाणणारं डोकं एकाच माणसाजवळ असावं, यासाठी सर आयुष्यभर शिकवत राहिले. ते काम आता आपल्या सगळ्यांकडे आलं आहे आणि ते आपण करू शकतो, असा माझा ठाम विश्वास आहे.